बाकावरचा वाटा

सत्र संपायला थोडेच आठवडे उरले असताना सरांना कळलं, की आपण नापास होतो आहोत.

बातमी तशी साधी होती, पण चुकीच्या पत्त्यावर आली होती. सरांनी आयुष्यभर नापास केलं होतं. स्वतः कधी झाले नव्हते. पाव शतक एका कॉलेजात भूगोल शिकवताना त्यांच्या लाल पेनाखालून जी मुलं गेली, त्यांतली बरीचशी आता गावात बस्तान बसवून होती. कोणी सिमेंटचं दुकान टाकलं होतं, कोणी नगरपालिकेत साहेब झालं होतं. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करायची आणि शेजारी उभ्या बायकोला कौतुकानं सांगायची, "हे आमचे सर. यांनी मला दोनदा उडवलं होतं." सर पाठीवर थाप मारायचे. उडवणाऱ्याला थाप मारणं सोपं जातं.

परदेशात जाऊन सत्रभर शिकायचं सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. कॉलेजनं तिकडच्या एका विद्यापीठाशी करार केला होता. दर वर्षी एका प्राध्यापकानं तिकडे जाऊन एक अभ्यासक्रम विद्यार्थी म्हणून पूर्ण करावा, असं कलम त्यात होतं आणि ते सह्या होईपर्यंत कोणी वाचलं नव्हतं. तरुण प्राध्यापकांची मुलं लहान होती, ज्येष्ठांचे गुडघे गेले होते. मध्ये उरले सर.

"तुम्ही जाऊन याच," प्राचार्य म्हणाले होते. "तुम्हाला काय, मुलगी हाताशी आली, वहिनी खमक्या आहेत. फक्त पास होऊन या म्हणजे झालं."

यावर दोघंही खो खो हसले होते. पास होणं ही तेव्हा विनोदाची गोष्ट होती.

पहिल्या तासाला वर्गात ओळखी झाल्या. सरांनी शिरस्त्याप्रमाणे आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, असं सगळं खणखणीत सांगितलं. समोरच्या मुलांच्या चेहऱ्यांवरून मालगाडी गेल्यासारखं झालं. शेवटी एका मुलीनं विचारलं, "पण तुला गावी सगळे काय म्हणतात?"

"सर," सर म्हणाले. खरं तेच सांगितलं.

तेव्हापासून ते त्यांचं नाव झालं. तिकडच्या भाषेत अहो-जाहोची सोय नव्हती. त्यामुळे विशीतली पोरं "सर, सरक जरा" म्हणायची, "सर, तुझी पेन्सिल दे" म्हणायची. सुरुवातीला सर दचकायचे. पुढे त्यांनी 'सर'पर्यंत ऐकायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं, असा तोडगा काढला.

अभ्यासक्रमाचा विषय होता शहरातल्या सार्वजनिक जागा. चौघाचौघांचे गट पडले आणि सरांच्या गटाच्या वाट्याला बाकं आली. विद्यापीठाच्या मागच्या वस्तीत जेवढी बाकं आहेत त्यांवर कोण बसतं, कोण बसत नाही आणि का, हे शोधायचं होतं. गावी कॉलेजात कोणी हा विषय सुचवला असता तर सरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथे त्यांनी वहीत तारीख घातली.

गटातल्या बाकीच्या तिघांना सरांनी, मास्तरकीच्या जुन्या सवयीनं, मनातल्या मनात टोपणनावं दिली होती. एक लंबू, जो दारातून येताना कायम माफी मागितल्यासारखा वाकायचा. एक हेडफोनवाली, जिचे कान सत्रभर कोणी पाहिले नव्हते. आणि एक दाढीवाला, ज्याची दाढी त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी होती. कामाची वाटणी चटकन झाली. लंबू म्हणाला, नकाशे माझे. हेडफोनवाली म्हणाली, आकडे माझ्याकडे. दाढीवाल्यानं लिखाण घेतलं.

"आणि सर, तू?"

सरांनी लंबूच्या संगणकाकडे पाहिलं. पडद्यावर वस्ती गरगर फिरत होती. "मी बसतो," सर म्हणाले. "कोणीतरी बसायला पाहिजे ना."

आणि सर बसले. बायकोनं विणलेला स्वेटर, त्यावर इथे घेतलेलं जाड जाकीट, त्यावर पुन्हा मफलर, मांडीशी चहाचा थर्मास, असे ते सकाळी एका बाकावर आणि दुपारी दुसऱ्या बाकावर बसायचे. गारठ्यानं नाक गळायचं. पण बसण्यात सरांना तोड नव्हती. गावी कॉलेज सुटल्यावर वाचनालयाच्या पायऱ्यांवर चार मित्रांबरोबर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खबर ठेवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तेच काम, फक्त मित्र वजा करून, त्यांनी इथे चालू केलं.

हळूहळू बाकं बोलायला लागली. बसथांब्याच्या बाकावर दोन अनोळखी माणसं दोन टोकं धरून बसतात. मध्ये ऐसपैस जागा असूनही तिसरा उभाच राहतो. पण मध्ये पिशवी ठेवलेली असली तर तो "ही पिशवी तुझी का?" असं विचारतो आणि बसतो. नुसत्या रिकाम्या जागेवर बसायला माणसाला निमित्त मिळत नाही. दवाखान्यासमोरच्या बाकावर आत जाणारे कधी बसत नाहीत, बाहेर पडणारे बसतात. शाळेजवळच्या बाकावर आजोबा लोक नातवंडांची वाट बघत बसतात आणि शाळा सुटली की आपण आत्ताच आलो असं दाखवतात.

आणि एक बाक होतं भिंतीकडे तोंड करून. कधीकाळी त्याच्यासमोर मैदान असावं. पुढे भिंत बांधली गेली, बाक तिथेच राहिलं. नगरपालिका ते निरुपयोगी म्हणून काढणार होती. सर सगळीकडे बसत होते म्हणून तिथेही, बाजूच्या जिन्यावर, बसून राहिले. मग त्यांना दिसलं, की त्या बाकावर दिवसभर एकेक माणूस येऊन जातो. कोणी फोनवर भांडायला येतं, कोणी डोळे पुसायला. एक जाडसर गृहस्थ तर रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा आणि भिंतीला उद्देशून कसलंसं भाषण करायचा, बहुधा साहेबाला करायचं राहून गेलेलं. एकजण उठून गेला की दुसरा कोपऱ्यावरून सावकाश यायचा. दोघं कधी एकत्र बसले नाहीत. भरगच्च वस्तीत एकटं बसता येईल अशी ती एकच जागा होती.

हे सगळं सर संध्याकाळी गटाच्या खोलीत येऊन, सर्वांना चहा ओतून देत सांगायचे. लंबू नकाशावर ठिपका टाकायचा, हेडफोनवाली रकाना भरायची आणि दाढीवाला म्हणायचा, "थांब थांब, पुन्हा सांग." भिंतीकडचं बाक काढू नये, हा अखेर सगळ्या अहवालाचा मुख्य निष्कर्ष ठरला.

आता या अभ्यासक्रमाच्या बाई. सरांपेक्षा दहा-एक वर्षांनी लहान, केस कापलेल्या, सायकलवरून येणाऱ्या. त्यांची पद्धत अशी, की त्या आपण होऊन गुण देत नसत. विद्यार्थ्यानं त्यांच्यासमोर एकट्यानं बसायचं, कामातला आपला वाटा सांगायचा आणि आपल्याला कोणती श्रेणी योग्य तेही सांगायचं. बाई गटातल्या बाकीच्यांशी पडताळून बघत आणि श्रेणी देत. आधी कच्ची फेरी, सत्राच्या शेवटी पक्की.

कच्च्या फेरीला सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

"सर, बस," बाई म्हणाल्या. "सांग, यात तुझं काम काय होतं?"

सर हसले. "माझं विशेष काही नाही. सगळं मुलांनीच केलं. फार गुणी मुलं आहेत."

बाईंनी लिहून घेतलं.

सर थांबले. या थांबण्याला अर्थ होता. सर जिथे वाढले तिथे चारचौघांत स्वतःबद्दल बोलायची एक रीत होती आणि ती दोघांनी मिळून पाळायची असे. एकानं म्हणायचं, माझं कसलं काय. दुसऱ्यानं ताबडतोब म्हणायचं, छे छे, असं कसं, तुमच्याशिवाय पान हललं नसतं. पहिल्यानं पुन्हा नको नको म्हणायचं, दुसऱ्यानं पुन्हा रेटायचं, आणि अशा रीतीनं पहिल्याचं कौतुक त्याच्या तोंडाला न लागता सगळ्यांसमोर येऊन पडायचं. सरांच्या वडिलांचा निरोपसमारंभ असाच चार तास चालला होता. खाली जाणं हे पहिल्याचं काम, वर उचलणं दुसऱ्याचं. सी-सॉसारखंच. फक्त समोरच्या टोकावर कोणी बसलंय की नाही, हे आधी बघून घ्यावं लागतं.

"आणखी काही?" बाईंनी विचारलं.

सरांना वाटलं, चला, उचलायला आल्या. ते आणखी खाली गेले. "छे हो, मी आपला बाकावर बसून होतो."

"बसून होतास," बाईंनी तेही लिहिलं. "आणि श्रेणी?"

"ते तुम्हीच ठरवा. तुमची कृपा."

"श्रेण्या चार आहेत. उत्तम, चांगली, साधारण, अपुरी. कृपा त्यात नाही."

"मग तुम्हाला योग्य वाटेल ती द्या," सर म्हणाले आणि प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर पडले. फार शोभून दिसेल असं बोललो, असं त्यांना जिना उतरेपर्यंत वाटत होतं.

सरांनीच दिलेल्या माहितीवरून बाईंना योग्य वाटेल अशी श्रेणी एकच होती. आठवडा संपायच्या आत ती सरांच्या नावासमोर झळकली. अपुरी.

सर धावतपळत बाईंकडे गेले. बाई सायकलला कुलूप लावत होत्या.

"मी तुझेच शब्द धरले," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाकी तिघांनाही विचारलं. त्यांनी आपापलं काम सांगितलं. नकाशे, आकडे, लिखाण. बेरीज पुरी झाली. तुझ्याबद्दल म्हणाले, सर फार छान आहे, चहा आणतो."

"चहा," सर म्हणाले.

"पक्की फेरी आहे अजून. तेव्हा सांग. पण तुझ्या वतीनं मी बोलणार नाही, सर. ते मला जमणारही नाही, मी काही तिथे नव्हते."

त्या दिवशी वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात सरांनी तिघांना गाठलं. लंबू सॉसपॅन घासत होता.

"अरे, तुम्ही बाईंना माझं काहीच कसं सांगितलं नाही?"

लंबू गोंधळला. "तूच सांगितलं नाहीस ना?"

"मी कसं सांगणार? मला वाटलं, तुम्ही सांगाल."

"आम्ही? तुझ्याबद्दल?" लंबूनं नळ बंद केला. "आगाऊपणा नाही का तो? तुझं तू सांगायचं. बाईंनी आम्हाला सांगितलं, सर म्हणतो की तो नुसता बसून होता. मग आम्ही काय तुला खोटं पाडायचं?"

यात तर्काची चूक कुठे आहे हे सरांनी पुष्कळ शोधलं. सापडली नाही.

"भिंतीकडच्या बाकावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय," दाढीवाला काहीसा दुखावून म्हणाला. "ते माझं काम नाही का?"

"तुझंच रे. छान लिहिलंस. मी फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही."

तेव्हा हेडफोनवालीनं एका बाजूचा हेडफोन काढला. कान दिसला. "सर, ते बाक तुला सापडलं ना?"

"सापडलं म्हणजे काय, होतंच ते तिथे."

"सगळीच बाकं होती तिथे," ती म्हणाली आणि कान झाकून टाकला.

नापास होऊन परत गेल्यास काय होईल, हे सरांना चित्रासारखं दिसत होतं. कॉलेजच्या लेखी ते सत्र झालंच नाही असं धरलं जाईल, ते एक. पण खरी भीती स्टाफरूमची होती. तिथे कोणी एक अक्षर बोलणार नाही, सगळे अतिशय जपून वागतील, शिपाई चहा आधी आणून देईल. आणि वर्गात शेवटच्या बाकावरचं एखादं कार्टं पेपर परत घेताना नुसतं बघेल. पुढे कधीच लाल पेन उचलता येणार नाही.

दुपारी त्यांनी घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. बायको नेहमीप्रमाणे फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची, त्यामुळे सरांना अर्धी बायको आणि पुरा पंखा दिसायचा. सरांनी आडवळणं घेत घेत हकीकत सांगितली.

"म्हणजे तुम्हाला स्वतःचं कौतुक करायचंय," बायको म्हणाली. "आणि ते जमत नाहीये."

"तसंच काहीसं."

"अहो, इतकी वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकाला तुमच्या तोंडून 'बरं झालंय'च्या पलीकडे काही निघालं नाही. स्वतःबद्दल काय निघणार? थांबा, पोरीला देते. अगं ए, ये इकडे. बाबांना टिमकी वाजवायला शिकव."

फोन हलला, पंखा गेला आणि पूर्ण मुलगी दिसली.

मुलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी ती नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला गेली होती. तुमच्यात विशेष काय आहे, असं तिला विचारलं गेलं. घरी लहानपणापासून शिकवल्याप्रमाणे ती नम्रपणे म्हणाली, ते तुम्हीच ठरवा. त्यांनी ठरवलं. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. त्या संध्याकाळी जेवताना तिनं एवढंच विचारलं होतं, "बाबा, आणि समोरच्यानं काही ठरवलंच नाही तर?" सरांनी तेव्हा भाजी वाढायला सांगितली होती. पुढे ती कुठूनसं बोलायला शिकली, नोकरीलाही लागली, आणि आता "हे मला उत्तम येतं" असं कोणालाही सांगायची. सरांना ते ऐकून कानकोंडं व्हायचं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही. सरांनी ते मनात नोंदवून ठेवलं.

"मी बाई आहे असं समजा," ती म्हणाली. "काय केलं तुम्ही?"

"बाकांचा अभ्यास झाला."

"आपोआप झाला?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून केला."

"सगळे जाऊ देत. तुम्ही?"

"माझ्याकडून थोडीफार मदत..."

"बाबा."

"अगं, लाज वाटते."

"मला पण वाटायची," ती म्हणाली.

मागे कुठेतरी बायकोनं नळ सोडला. या वेळी सरांना मागायला भाजीही समोर नव्हती.

"हे बघा," मुलगी म्हणाली, "कौतुक करूच नका. काय बघितलं तेवढं सांगा. आणि 'मी' या शब्दाला घाबरू नका. तो काही शिवी नाही."

पुढच्या दिवसांत सत्र आपल्या गतीनं आवरत गेलं. वसतिगृहाच्या पॅसेजमध्ये वस्तूंचे ढीग दिसायला लागले: दिवे, उशा, एकेक पायमोजे, अर्धी झाडं असलेल्या कुंड्या; ज्याला हवं त्यानं घ्यावं. सरांनी आपला छोटा कुकर लंबूला दिला. शिटी म्हणजे स्फोट नव्हे, हे त्याला पटवायला बराच वेळ गेला. मुलंमुली एकमेकांच्या गळ्यात पडून रडायची आणि त्याच हातानं फोन बघायची. सर हे सगळं जिन्याच्या पायरीवरून बघत होते. आपण इथून गेल्यावर या शहराच्या पोटातलं पाणीही हलणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. शहरांचं ते कामच नव्हे. फक्त नापास होऊन जायचं नव्हतं.

सराव करायला ते भिंतीकडच्या बाकावर जायचे. बाकी कुठे स्वतःशी बोलत बसणं बरं दिसलं नसतं. "मी हेरलं," ते भिंतीला सांगायचे. भिंत ऐकून घ्यायची. "माझ्या लक्षात आलं." एकदा वळून पाहिलं तर कोपऱ्यावर तो भाषणवाला जाडसर गृहस्थ आपली पाळी यायची वाट बघत उभा होता. सर घाईघाईनं उठले. जाता जाता दोघांनी एकमेकांना मान लववली.

पक्क्या फेरीच्या दिवशी बाईंच्या खोलीत ऊन आलं होतं. टेबलावर गटाचा अहवाल होता, वर दाढीवाल्यानं निवडलेला सुंदर फोटो.

"सर, बस. सांग."

सरांनी पाठ केलेलं पहिलं वाक्य उचललं आणि ते मध्येच कुठेतरी पडलं. मग मुलीचं 'काय बघितलं तेवढं सांगा' आठवलं. त्यांनी बसथांब्याच्या बाकापासून सुरुवात केली. पिशवी सांगितली. दवाखाना सांगितला. शाळेजवळचे, आत्ताच आलेले आजोबा सांगितले. सर रंगले. वर्गात त्यांचा मोसमी वाऱ्यांवरचा तास असाच रंगायचा. भिंतीकडच्या बाकावर येईपर्यंत त्यांनी मफलर काढून खुर्चीवर टाकला होता.

"एकजण उठला की दुसरा येतो. रांग दिसत नाही, पण रांग असते. ते बाक भिंतीकडे तोंड करून आहे, म्हणूनच चालतं. असं दिसून आलं."

"कोणाला?" बाईंनी विचारलं.

"अं?"

"कोणाला दिसून आलं?"

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं. समोरच्या टोकावर या वेळीही कोणी नव्हतं, आणि कोणी येणार नव्हतं. सरांचे कान तापले. वडील, काका, वाचनालयाच्या पायऱ्यांवरचे मित्र, सगळे खोलीत येऊन भिंतीला टेकून उभे राहिल्यासारखे वाटले.

"मला," सर म्हणाले.

बाईंनी लिहिलं. खोलीत काही झालं नाही. छत जागेवर राहिलं.

"सगळं मलाच दिसलं," सरांनी पुढे रेटलं. एकदा लाज गेल्यावर माणसाचा भरवसा राहत नाही. "त्या तिघांनी नकाशे, आकडे, लिखाण चोख केलं. पण ज्यावर केलं ते मी आणलं होतं. थंडीत बसून आणलं होतं."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "हे मला त्या दोन मुलांशी पडताळावं लागेल. तुझ्या गटातल्या मुलीला मी कालच पुन्हा विचारलं होतं, ती हेच म्हणाली. श्रेणी?"

"चांगली," सर म्हणाले.

"उत्तम नको?"

इथे सरांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. आणि यात नम्रतेचा लवलेश नव्हता. "उत्तम मी कोणालाच देत नाही," ते म्हणाले. "पंचवीस वर्षांत दिलेली नाही."

बाई पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी ते मान्य केलं.

निकाल लागला तेव्हा लंबू, हेडफोनवाली आणि दाढीवाला, तिघांनाही उत्तम मिळाली होती. तिघांनी उत्तमच मागितली होती. सरांनी निकाल दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि दाढीवाल्याला चहा ओतून दिला.

सामान बांधून झाल्यावर, विमानतळावर जाणारी बस यायच्या आधी, त्यांनी वसतिगृहाबाहेरच्या बाकावर बसून घरी फोन लावला. मध्ये बॅग ठेवली होती. एक बाई येऊन "ही तुझी का?" असं विचारून पलीकडे बसल्या. सरांना बरं वाटलं.

साखरेच्या डब्याशी या वेळी मुलगीच होती.

"झालो," सर म्हणाले.

"काय झालात?"

"पास. मी पास झालो."

"आई, बाबा पास झाले!" मग खाली वाकून, "कोणती?"

"चांगली. उत्तम मागितली असती तर तीही मिळाली असती म्हणे."

"मग मागायची ना!"

"प्राचार्यांना काय तोंड दाखवलं असतं? उत्तम म्हणजे काय, बाजार आहे का?"

मागून बायकोचा आवाज आला, "बरं झालं." पंख्याखालून आलेल्या त्या दोन शब्दांत इतक्या वर्षांचं उट्टं होतं. सरांनी ते निमूटपणे पदरात घेतलं.

बस कोपऱ्यावर दिसली. सर उठले, एका हातानं बॅग उचलली, फोन कानाशी धरला. बोलायचं होतं ते दोन वर्षं लांबलेलं होतं आणि बस तर समोरच येत होती. त्यातल्या त्यात जेवढं आवाक्यातलं होतं तेवढं ते बोलले.

"तू शिकवलंस म्हणून जमलं."

सगळीकडे "मला उत्तम येतं" असं सांगत फिरणारी, चांगल्या नोकरीतली त्यांची मुलगी एकदम लहान आवाजात म्हणाली, "माझं काय त्यात. तुम्हीच केलंत सगळं."

बसचं दार उघडलं. चालक बघत होता. सरांनी पायरीवर पाय ठेवला आणि तो तसाच ठेवून, शेजारच्या बाईंना आणि चालकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "छे छे, असं कसं! तुझ्याशिवाय पान हललं नसतं."